गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे वर्ष: एका क्रीडा-शस्त्रक्रिया केंद्राचे परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरात खासगी रुग्णालयाला जोडून चालणाऱ्या क्रीडा-शस्त्रक्रिया केंद्राच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. माझी पुतणी कबड्डीत चढाई करते, जिल्ह्याच्या संघात खेळते आणि वयाची विशी तिने अजून गाठलेली नाही. बोनस रेषेवरून परत वळताना तिचा उजवा पाय मॅटवर रोवलेला राहिला, शरीर डावीकडे फिरले आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले पुढचे क्रुसिएट लिगामेंट, तुटले. तिला कोणी धरलेले नव्हते. तपासणी, शस्त्रक्रिया आणि त्यापुढचा व्यायामोपचार हे सगळे तिने याच केंद्रात घेतले. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या कामात जे उत्तम आहे ते फार उत्तम आहे, आणि जे उणे आहे ते त्यांच्याइतकेच राज्यातल्या इतर अनेक ठिकाणीही आढळते, असे खेळाडूंच्या पालकांशी बोलल्यावर माझे मत झाले आहे. नावापेक्षा कामाची पद्धत वाचकाला अधिक उपयोगी पडेल.

पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो. गावाकडे गुडघा सुजला की आधी मालिश, मग लेप आणि मग कोणाच्या तरी ओळखीचा हाडवैद्य, असा क्रम असतो. आमच्याकडेही आजीने तेल कढवून ठेवले होते. केंद्रातील डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवून आधी गुडघा हातात घेतला. गुडघा थोडासा वाकवून नडगीचे हाड पुढे ओढून पाहण्याची जी तपासणी असते, तिला लॅकमन चाचणी म्हणतात, आणि अनुभवी हाताला तेवढ्यावरच निदान बरेचसे कळते. दोन्ही पायांवर ती करून, फरक माझ्याही लक्षात येईल अशा रीतीने त्यांनी दाखवली. एमआरआयचा उपयोग त्यांनी मुख्यतः गादी, म्हणजे मेनिस्कस, आणि हाडाला बसलेला मार पाहण्यासाठी केला. फिल्म उजेडासमोर धरून ‘लिगामेंट गेलं, ऑपरेशन लागेल’ असे दोन वाक्यांत सांगून मोकळे होणारे डॉक्टर आम्ही त्याआधी पाहिले होते, म्हणून हा फरक नोंदवतो.

दुखापत कशी झाली हेही त्यांनी बारकाईने विचारले. सामन्यांच्या चित्रफिती तपासून केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की पाय जमिनीला टेकल्यानंतर सुमारे ४० मिलिसेकंदांतच हे लिगामेंट तुटते; खेळाडूला काही उमगण्याच्या किंवा स्नायू आवळण्याच्या आत काम झालेले असते. ‘लक्ष नव्हतं का तुझं?’ हा प्रश्न घरी पुतणीला अनेकांनी विचारला होता. डॉक्टरांनी ही गोष्ट तिच्या वडिलांसमोर समजावून सांगितल्यावर तो प्रश्न बंद झाला. याचे पैसे बिलात लागत नाहीत, परंतु माझ्या दृष्टीने ही सेवाच आहे.

शस्त्रक्रिया करायचीच का, या प्रश्नावर केंद्राने दिलेला वेळ हा माझ्या मते त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग होता. मी त्यांना थेट विचारले की व्यायामावर भागेल का, आणि प्रश्न झटकून न टाकता त्यांनी संशोधनाचा हवाला दिला. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ ते ३५ वयोगटातील १२१ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केली होती: एका गटाची लवकर शस्त्रक्रिया आणि सोबत व्यायाम, तर दुसऱ्या गटाला आधी केवळ व्यायाम आणि गुडघा सटकतच राहिला तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी गुडघ्याच्या वेदना, कार्यक्षमता आणि खेळण्याची क्षमता यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही, आणि दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी ३६ जणांना तोवर चाकू लागलाच नव्हता. पाच वर्षांपर्यंत मात्र त्या ५९ पैकी ३० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. नेदरलँड्समध्ये १६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीतही व्यायामाने सुरुवात करणाऱ्यांपैकी निम्म्यांना पुढे शस्त्रक्रिया लागली. तेथे लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुण थोडे सरस होते, परंतु तो फरक रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवेल एवढा आहे की नाही, याविषयी संशोधकांनीच शंका ठेवली.

हे सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “स्वीडनच्या चाचणीत व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते. तुमच्या मुलीला चढाईत दर तीस सेकंदांत चार वेळा दिशा बदलायची आहे. ती धावपटू असती तर मी थांबायला सांगितलं असतं.” मला हे उत्तर प्रामाणिक वाटले. सरळ रेषेत धावणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाला या लिगामेंटवाचून पुष्कळदा निभावता येते. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, कुस्ती अशा वळणाच्या आणि झटापटीच्या खेळांत प्रत्येक सटकण्याबरोबर गादी फाटण्याचा धोका वाढत जातो. निर्णय आमचाच राहिला, आणि तो घेण्यापुरती माहिती आमच्या हाती होती.

त्यानंतर त्यांनी आम्हाला घरी पाठवले, आणि याचा नातेवाईकांना फार राग आला. गुडघ्यातील सूज उतरेपर्यंत, पाय पूर्ण सरळ होईपर्यंत आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळता येईपर्यंत शस्त्रक्रिया करणार नाही, ही त्यांची अट होती. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो नंतर पूर्ण सरळ न होण्याची भीती वाढते. शिवाय गुडघ्यात पाणी असेपर्यंत मेंदू मांडीच्या स्नायूला जणू बंदच करून ठेवतो, त्यामुळे तो झपाट्याने वाळतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओताई चोख होत्या. टाच उशीवर ठेवून गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ देणे, मांडी आवळून दहा आकडे मोजणे, सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक, एवढेच त्यांनी दिले, परंतु प्रत्येक भेटीत ते स्वतःसमोर करून घेतले. बाहेर जिथे यंत्रे लावून रुग्णाला पाऊण तास झोपवून ठेवतात, तिथल्यापेक्षा हे कितीतरी बरे.

ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा दुसरीकडचा स्नायुबंध, कोणता घ्यायचा, यावर दोन भेटी खर्ची पडल्या. तुटलेले लिगामेंट शिवून का टाकत नाही, हा माझ्या थोरल्या भावाचा प्रश्न होता आणि तो अडाणी प्रश्न नव्हे. एके काळी तसेच करत असत. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या छात्रांवर केलेल्या अशा शिवणकामाचा पाच वर्षांचा लेखाजोखा फीगिन आणि कर्ल यांनी १९७६ मध्ये मांडला, तेव्हा सुरुवातीला चांगले वाटलेले गुडघे पुढे मोठ्या प्रमाणात पुन्हा सैल झाल्याचे दिसले, आणि ती पद्धत मागे पडली. इतर लिगामेंट तुटल्यावर जागेवर रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने ऊती जुळून येतात. एसीएल मात्र सांध्यातील द्रवात असते, तेथे गुठळी टिकत नाही, त्यामुळे दोन टोके जवळ आणूनही ती नीट जुळत नाहीत. बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील मार्था मरे यांनी यावर उपाय म्हणून गाईच्या कोलेजनचा स्पंजसारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून दोन टोकांमध्ये बसवण्याची पद्धत विकसित केली, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. आमच्या केंद्रात हा पर्याय मांडला गेला नाही. बहुसंख्य खेळाडूंसाठी आजही दुसरीकडचा स्नायुबंध काढून नवे लिगामेंट बांधणे, म्हणजेच पुनर्रचना, हाच रूढ मार्ग आहे.

हा स्नायुबंध साधारणपणे चार जागांहून घेतात: मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग, गुडघ्याच्या वाटीखालचा पॅटेलर टेंडन हाडाच्या दोन तुकड्यांसह, वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन, किंवा घोट्याच्या बाहेरून जाणारा पेरोनियस. पॅटेलर टेंडन हाडात हाड मिसळून पक्का बसतो, परंतु पुढे गुडघ्यावर टेकताना दुखण्याची तक्रार त्यात अधिक असते. हॅमस्ट्रिंगची जखम लहान आणि सुरुवातीचे दुखणे कमी, म्हणून आपल्याकडे त्याचाच वापर सर्रास होतो. परंतु अमेरिकेतील मून या संशोधन गटाने शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंचा सहा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट तुटण्याची शक्यता पॅटेलर टेंडनच्या सुमारे दुप्पट आढळली. ‘लवकर बरे वाटते’ आणि ‘जास्त टिकते’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि रुग्णालयात बहुधा पहिलेच ऐकवले जाते. आम्हाला दोन्ही ऐकवली गेली.

पुतणीचा प्रश्न नेमका होता. चढाईत पाय मागे झाडून बचावपटूला स्पर्श करणे आणि घोटा पकडला गेल्यावर पाय ओढून घेणे यांत मांडीच्या मागच्या स्नायूचे काम मोठे असते, मग तोच कापायचा का? डॉक्टरांनी पेरोनियसला घोट्यासाठी नकार दिला, कारण कबड्डीत घोटा पकडला जाणे हा रोजचाच प्रकार. शेवटी पॅटेलर टेंडन ठरला. पकड करणाऱ्या आणि वारंवार गुडघ्यावर आदळणाऱ्या खेळाडूला आपण कदाचित वेगळे सुचवले असते, असेही त्यांनी जोडले. खेळाचे नाव विचारणारे डॉक्टर भेटतात. खेळातली जागा विचारणारे क्वचित.

याच चर्चेत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पट्टीसारखा जादा आधार देण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला. कॅनडातील शल्यविशारदांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ तरुण रुग्णांना हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट दिला होता. त्यांपैकी ज्यांना बाहेरून हा जादा आधारही दिला त्यांच्यात दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण ४ टक्के होते, तर ज्यांना दिला नाही त्यांच्यात ११ टक्के. तो निष्कर्ष हॅमस्ट्रिंगबाबतचा आहे, पॅटेलर टेंडनला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, असे सांगून त्यांनी हा आधार टाळला. बिल वाढवण्याची संधी त्यांनी हातची घालवली, हे येथे नमूद करायला हवे.

शस्त्रक्रियेविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि ही तक्रार नव्हे. दुर्बिणीतून झाली, वेळेत झाली, जंतुसंसर्ग झाला नाही. आत गेल्यावर गादीलाही चीर आढळली, आणि ती कापून न टाकता शिवण्यात आली. कापली असती तर आठवड्यांत चालता आले असते, शिवल्यामुळे काही काळ कुबड्या आणि खोल बैठकीला मनाई. परंतु गादी गेलेला गुडघा पुढे लवकर झिजतो, आणि एसीएलची दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत संधिवाताची झीज गाठतेच, हे पाहता एकोणिसाव्या वर्षी गादी वाचवणे हाच शहाणपणा. सुटी मिळताना शस्त्रक्रियेची पूर्ण टिपणी आणि आतले फोटो न मागता मिळाले. वॉर्डातील परिचारिका प्रेमळ, जेवण सपक, आणि वाहनतळ असून नसल्यासारखा.

बिलाबाबत दोन गोष्टी खटकल्या. गुडघा आपोआप हलवणारे यंत्र भाड्याने घ्यायला लावले आणि लांब पट्ट्यांचा महागडा ब्रेसही गळ्यात मारला. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर असे यंत्र वापरल्याने अंतिम परिणाम सुधारतो, याला संशोधनात भक्कम आधार नाही, आणि ब्रेसचेही सरसकट फायदे सिद्ध झालेले नाहीत. गादी शिवलेली असल्यामुळे ब्रेसचे समर्थन होऊ शकते, यंत्राचे मला करता येत नाही. ग्राफ्टबाबत संशोधनावर बोट ठेवून बोलणारे केंद्र यंत्राबाबत गप्प का राहते, हे कळले नाही. आमच्या विम्यात बाहेरून घेतलेला व्यायामोपचार बसत नव्हता, त्यामुळे खिशातून गेलेल्या पैशांचा मोठा भाग शस्त्रक्रियेनंतरचाच होता. अंदाजपत्रक मागताना केवळ पॅकेजचा आकडा पाहून भागत नाही.

आता सेवेच्या दुबळ्या बाजूकडे वळतो. पहिले दीड-दोन महिने फिजिओताईंनी काम उत्तम केले. गुडघा पूर्ण सरळ झाला, लंगडणे गेले, मांडी जागी झाली. त्यानंतर भेटी विरळ होत गेल्या, व्यायाम तेच राहिले, आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास पुतणी ज्या रबरी पट्ट्यांवर पाय ताणत होती, त्या तिच्या ताकदीपुढे खेळण्यासारख्या वाटू लागल्या. केंद्रात वजनाची यंत्रे नव्हती, उडी मारायला मोकळी जागा नव्हती, आणि एका खोलीत तीन गुडघेरोपण झालेल्या आजींसोबत एक कबड्डीपटू, अशी सोय होती. आजींना जे लागते ते तेथे सगळे होते.

याच काळात ग्राफ्टच्या पोटात जे चालते ते समजून घेतल्याशिवाय या त्रुटीचे गांभीर्य कळत नाही. बसवलेला स्नायुबंध सुरुवातीला मजबूत असतो; नंतर त्यातील मूळ पेशी मरतात, नवीन रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याची घडण बदलत जाऊन तो लिगामेंटसारखा होतो. मधल्या काही महिन्यांत तो शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा कमजोर असतो, आणि नेमक्या त्याच काळात दुखणे थांबलेले असते, सूज नसते, आणि खेळाडूला वाटते की आपण बरे झालो. गुडघ्याला काय वाटते यावर येथे विसंबता येत नाही. मोजावेच लागते.

केंद्राने सुटीच्या वेळी दिलेल्या छापील पत्रकात मात्र ‘सहा महिन्यांनी खेळास परवानगी’ एवढेच लिहिले होते, आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत गुडघा हाताने तपासून, तो घट्ट असल्याचे पाहून, तसेच सांगण्यात आले. ज्या केंद्राने शस्त्रक्रियेपूर्वी अटी घातल्या, त्याने खेळायला सोडताना तारखेशिवाय एकही अट घातली नाही. मला या संपूर्ण अनुभवातील सर्वांत मोठा दोष हाच वाटतो, कारण या प्रश्नावर पुरावा पुरेसा स्पष्ट आहे. अमेरिकेतील डेलावेअर आणि नॉर्वेतील ओस्लो येथील १०६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणे एकेक महिन्याने पुढे ढकलल्यास पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटत असल्याचे दिसले. त्याच अभ्यासात ताकद आणि उड्यांच्या चाचण्या उत्तीर्ण होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, तर अनुत्तीर्ण असूनही परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. दोहा येथील अ‍ॅस्पेटार रुग्णालयाने १५८ व्यावसायिक खेळाडूंवर केलेल्या, त्याच वर्षीच्या अभ्यासात सोडण्यापूर्वीचे सहा निकष पूर्ण न करणाऱ्यांना ग्राफ्ट तुटण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. हे आकडे छोट्या गटांवरचे आहेत आणि त्यांच्यावर वाद घालता येतो, परंतु ते ज्या दिशेला बोट दाखवतात ती दिशा सहाव्या महिन्याची नाही.

महाराष्ट्रात या घाईला आणखी एक कारण आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही त्याचा उपयोग होतो, आणि प्रमाणपत्र ज्या स्पर्धेवर मिळते त्या स्पर्धेची निवड चाचणी मुलीच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. सहाव्या महिन्याच्या परवानगीचे पत्र घरात आले की प्रशिक्षक, आई-वडील आणि स्वतः खेळाडू यांच्यापैकी कोणालाही ‘थांब’ म्हणण्याचे बळ उरत नाही. डॉक्टरांच्या सहीचे वजन डॉक्टरांनी ओळखायला हवे. आमच्याकडे निवड चाचणी दोन आठवड्यांवर होती.

आम्ही दुसऱ्या शहरात जाऊन स्नायूंची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चाचणी करून घेतली. खुर्चीत बसवून, पट्ट्यांनी बांधून, ठरावीक वेगाने गुडघा सरळ करायला लावतात आणि दोन्ही पायांचा आलेख शेजारी शेजारी येतो. दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के ताकद हा जगभर रूढ असलेला उंबरठा. पुतणीचा उजवा पाय ७० च्या आसपास अडकला होता. एका पायावरच्या उडीत मात्र ती फार मागे नव्हती, कारण शरीर कमरेतून आणि घोट्यातून भरपाई करून घेते. म्हणजे उडी मोजून सोडले असते तरी फसगत झाली असती. निवड चाचणी सोडावी लागली, घरात दोन दिवस चूल पेटली नाही एवढेच, आणि तिथून पुढचे महिने तिने एका व्यायामशाळेत, खेळाडूंचे काम करणाऱ्या फिजिओंच्या देखरेखीखाली, खरोखरच्या वजनांवर घालवले.

केंद्राची बाजू मांडायची तर, हा आलेख दाखवल्यावर डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तो फाइलला लावला आणि परवानगी मागे घेतली. आपल्याकडे तसे यंत्र नाही, कारण ते महाग आहे आणि त्यावर येणारे रुग्ण मोजके, असे त्यांनी सरळ सांगितले. यंत्र नसणे मी समजू शकतो. हातात धरायचे स्वस्त ताकदमापक मिळते, मजबूत पट्ट्याने पाय बांधून त्यावर बऱ्यापैकी मोजमाप होते. तेही नसेल तर जेथे आहे तेथे पाठवण्याची चिठ्ठी देता येते. त्यासाठी एका कागदाशिवाय काही लागत नाही.

मनाच्या भागाकडे तर केंद्राने पाहिलेच नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात केवळ ५५ टक्के. यामागे गुडघा जितका असतो तितकीच भीतीही असते, आणि ती मोजण्यासाठी बारा प्रश्नांची साधी प्रश्नावली उपलब्ध आहे. पुतणी सरावात डावीकडे वळायला तयार होती, पण ज्या कोपऱ्यात दुखापत झाली त्या कोपऱ्यात चढाई घालायचीच टाळत होती. हे आमच्या प्रशिक्षकांच्या लक्षात आले, केंद्राच्या नाही. त्यांनी कधी विचारलेच नाही.

कुस्तीपटू विनेश फोगाट यांचे उदाहरण प्रत्येक जण देतो, आमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या पालकांनीही दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बिश्केक येथे त्यांनी ऑलिंपिकची पात्रता मिळवली. हे घडले ते दिवसरात्र सोबत असलेल्या तज्ज्ञांच्या बळावर, आणि एका असामान्य खेळाडूच्या बाबतीत. दवाखान्याच्या भिंतीवर प्रसिद्ध खेळाडूंच्या पुनरागमनाची कात्रणे लावण्याची पद्धत या केंद्रातही आहे. २५ वर्षांखालील खेळाडू मैदानावर परतल्यावर त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्क्यांना एका ना दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा एसीएलची दुखापत होते, असा २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. तो मात्र कोणत्याही भिंतीवर दिसत नाही, आणि सल्ल्यातही आम्हाला तो ऐकवला गेला नाही. दुसरा, धडधाकट गुडघाही धोक्यात असतो हे तर पुतणीला व्यायामशाळेतच पहिल्यांदा कळले.

त्यामुळे माझा सल्ला दुहेरी आहे. वळणाच्या खेळात असलेल्या तरुण खेळाडूने निदानासाठी, शस्त्रक्रिया करावी की नाही याच्या चर्चेसाठी आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी या केंद्रात निःशंक जावे. पाचपैकी साडेचार तारे मी तेवढ्यासाठी देईन आणि उरलेला अर्धा त्या भाड्याच्या यंत्रापायी कापेन. दुसऱ्या महिन्यानंतरच्या व्यायामासाठी मात्र वेगळी व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधीच पाहून ठेवावी, जेथे वजने आहेत, उड्या मारायला जागा आहे आणि ताकद मोजली जाते. त्या भागाला दोन तारे पुरेत. मैदानावर न परतणाऱ्या, घरकाम आणि जिने एवढ्याच अपेक्षा असलेल्या रुग्णाला कदाचित हाच व्यायामोपचार पुरेसा वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने माझे दोन तारे अन्यायकारक ठरतील.

एक गोष्ट अजून अनुत्तरित आहे. ग्राफ्ट तुटण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो, म्हणून आम्ही पुढील तपासण्यांच्या तारखा मागितल्या. स्वागतकक्षातील मुलीने संगणकात पाहून सांगितले की एसीएलच्या रुग्णाची नोंद सहाव्या महिन्याच्या भेटीनंतर आपोआप बंद होते, आणि त्यापुढे यायचे असेल तर नवीन रुग्ण म्हणून केस पेपर काढावा लागेल. आम्ही तो काढला.